इंदूरच्या आसपासच्या गावांत परवडणारे घर : भूखंड शोधण्यापासून नामांतरणापर्यंत

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर किंवा राजेंद्र नगर या भागांतल्या मराठी घरांमध्ये गेल्या काही वर्षांत एकच प्रश्न वारंवार ऐकू येतो. मुलाचे लग्न ठरले आहे, दोन खोल्यांत आता आणखी माणसे मावत नाहीत, शहरातल्या फ्लॅटची किंमत पगाराच्या आवाक्यात नाही. मग सांवेर, देपालपूर, बेटमा, सिमरोल किंवा महूच्या बाजूला भूखंड घेऊन ठेवावा का? त्याच वेळी त्या गावांमधल्या लोकांचाही एक प्रश्न आहे, आणि तो सहसा कोणी विचारत नाही. शहरातले खरेदीदार आल्यामुळे जमिनीचे भाव इतके चढले आहेत की गावच्या शेतमजुराला किंवा लहान शेतकऱ्याच्या धाकट्या मुलाला स्वतःच्याच गावात घर बांधायला जागा उरलेली नाही. हा लेख मुख्यतः पहिल्या प्रश्नाविषयी आहे. दुसऱ्याविषयी शेवटी लिहिले आहे, कारण दोन्हींचे मूळ एकच आहे. राहण्याजोगी, कागदोपत्री निर्दोष आणि पाण्याची सोय असलेली जागा कमी आहे, आणि केवळ ‘भूखंड’ म्हणवणारे शेताचे तुकडे मात्र भरपूर आहेत.

आमच्या घरातली गोष्ट सांगतो, म्हणजे हे सारे इतक्या तपशिलाने का लिहितो आहे ते कळेल. माझ्या वडिलांनी निवृत्तीच्या काही वर्षे आधी शहराबाहेरच्या एका गावात हप्त्याहप्त्याने पैसे भरून भूखंड घेतला. त्यांच्याकडे पावत्या होत्या, नोटरीसमोर केलेला करारनामा होता, रंगीत नकाशाही होता. फक्त रजिस्ट्री, म्हणजे नोंदणीकृत विक्रीपत्र, नव्हती. पुढे तीच जमीन दुसऱ्यालाही विकली गेल्याचे कळले तेव्हा त्या सगळ्या कागदांना किंमत उरली नव्हती. वडिलांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. ज्या चार-पाच तपासण्या त्या वेळी एका आठवड्यात होऊ शकल्या असत्या, त्याच मी येथे क्रमाने मांडतो आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण टोकन दिल्यानंतर केलेली तपासणी ही बहुतेक वेळा मनाचे समाधान करण्यापुरतीच राहते.

पहिली पायरी : जागेचा प्रकार ठरवा

इंदूरभोवती घरासाठी मिळणारी जागा साधारण तीन प्रकारची असते. पहिला प्रकार म्हणजे गावाची जुनी आबादी, ज्याला महाराष्ट्रात गावठाण म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे लहान कसब्यांतली, म्हणजे नगर परिषदेच्या हद्दीतली घरे आणि भूखंड. इंदूर जिल्ह्यात राऊ, सांवेर, देपालपूर, बेटमा, गौतमपुरा, हातोद, मानपूर आणि महूगाव अशा नगर परिषदा आहेत. तिसरा प्रकार म्हणजे शेतजमिनीवर पाडलेली नवी कॉलनी. जाहिरातींमध्ये नव्वद टक्के जागा हा तिसरा प्रकार अडवतो, म्हणून आपल्यालाही तोच एकमेव पर्याय वाटू लागतो.

माझे स्पष्ट मत असे आहे की मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाने आधी दुसरा प्रकार पाहावा. कसब्यात शाळा, दवाखाना, बाजार, बस आणि नळ आधीपासून असतात. तिथले जुने घर दिसायला साधे असते, पण त्यात पहिल्या दिवसापासून राहता येते. शक्य असेल तर त्या गावात वर्षभर भाड्याने राहून पाहावे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्यावर जे कळते ते रविवारच्या दोन तासांच्या साइट व्हिजिटमध्ये कळत नाही.

दुसरी पायरी : परवडणे म्हणजे काय, याचा हिशोब

प्रतिवर्गफूट भाव हा फसवा आकडा आहे. खरा हिशोब महिन्याच्या खर्चाचा असतो. समजा तुम्ही वीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १७,३५० रुपये येतो. आता घर कामाच्या जागेपासून २५ किलोमीटरवर आहे असे धरू. रोजचे ५० किलोमीटर, म्हणजे मोटारसायकलला साधारण एक लिटर पेट्रोल. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले आणि पेट्रोल लिटरला शंभराच्या थोडे वर धरले, तर एका माणसाचे सुमारे २,७०० रुपये होतात. नवरा-बायको दोघे वेगवेगळ्या दिशांना नोकरीला जात असतील तर ५,४०० रुपये. याच व्याजदराने आणि याच मुदतीत ५,४०० रुपयांच्या हप्त्यावर सुमारे सव्वासहा लाखांचे कर्ज मिळते. याचा अर्थ असा की गावातले घर शहराजवळच्या घरापेक्षा केवळ पाच-सहा लाखांनी स्वस्त असेल, तर ते प्रत्यक्षात स्वस्त नाही. आणि यात मुलांच्या शाळेची व्हॅन, आजारपणात करावी लागणारी धावपळ आणि रोजचे दोन तास धरलेलेच नाहीत.

या हिशोबात आणखी तीन रकमा घाला. पहिली म्हणजे मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क. मध्य प्रदेशात हा खर्च भारी आहे आणि तो करारातल्या किमतीवर नव्हे, तर ती किंमत आणि शासनाचे गाइडलाइन मूल्य (शासनाने त्या भागासाठी ठरवलेला भाव) यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारला जातो. म्हणून गावाचे गाइडलाइन मूल्य आधी नोंदणी विभागाच्या ‘संपदा’ पोर्टलवर पाहून ठेवा. घर स्त्रीच्या नावावर घेतल्यास नोंदणी शुल्कात सवलत मिळते, आणि केवळ सवलतीसाठी नव्हे तर एरवीही हा विचार घरात जरूर व्हावा. दुसरी रक्कम म्हणजे स्वतःचा वाटा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देऊ शकते, तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात ८० टक्के. आणि दहा लाखांहून महाग घराच्या बाबतीत या मूल्यात रजिस्ट्रीचा खर्च धरला जात नाही. तिसरी म्हणजे बांधकामाच्या काळातले दुहेरी ओझे: वर्ष-दीड वर्ष चालू घराचे भाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरावे लागतात. अनेक कुटुंबांचे अर्धवट बांधलेले घर याच टप्प्यावर थांबलेले मी पाहिले आहे.

तिसरी पायरी : जमिनीची जात ओळखा

येथून कागद सुरू होतात, आणि ही पायरी सर्वांत शांतपणे करावी. विकणाऱ्याकडून केवळ तीन गोष्टी मागा: गावाचे नाव, पटवारी हलका (पटवाऱ्याचे, म्हणजे तलाठ्याचे, कार्यक्षेत्र) आणि खसरा क्रमांक (जमिनीचा सर्व्हे क्रमांक). एवढे मिळाले की ‘एमपी भूलेख’ पोर्टलवरून किंवा लोकसेवा केंद्रातून खसरा, बी-१ आणि नकाशा स्वतः काढा. विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स तपासणीला उपयोगी नाही. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना आपण सातबारा म्हणून जे विचारतो, त्याचे काम येथे खसरा आणि बी-१ मिळून करतात.

खसऱ्यात पहिल्यांदा पाहायचे ते नाव आणि त्यापुढचा शब्द. ‘भूमिस्वामी’, म्हणजे जमिनीचा मालक, लिहिले असेल तर पुढे जा. ‘शासकीय पट्टेदार’ (शासनाकडून पट्ट्याने जमीन मिळालेला) असेल, किंवा जमीन मूळची शासनाने वाटलेली असेल, तर मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ च्या कलम १६५ (७-ख) नुसार कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर कलम १६५ (६) लागू होते: अधिसूचित आदिवासी क्षेत्रात ती बिगर-आदिवासीला विकताच येत नाही, आणि इतरत्र कलेक्टरची लेखी परवानगी रजिस्ट्रीच्या आधी असावी लागते. महू आणि मानपूरच्या घाटाकडील गावांत जागा पाहताना हे विशेष लक्षात ठेवा. धार जिल्ह्यात, म्हणजे पीथमपूरच्या पलीकडे जाताना, त्या गावाचा समावेश अधिसूचित क्षेत्रात आहे का तेही विचारून घ्या. या तरतुदी आदिवासी कुटुंबांची जमीन त्यांच्या हातातून निसटू नये म्हणून आहेत. त्यांना वळसा घालून देण्याची तयारी दाखवणारा मध्यस्थ भेटला तर तो व्यवहार केवळ धोक्याचा नाही, अन्यायाचाही आहे.

माळव्यात देवस्थानाच्या जमिनी बऱ्याच आहेत, आणि येथे मराठी कुटुंबांची एक विशेष गफलत होते. पिढ्यान् पिढ्या पूजा करणारे पुजारी घराणे ओळखीचे असते, कधी नात्यातलेही असते, आणि जमीन त्यांचीच आहे असा सर्वांचा समज असतो. खसऱ्यात देवाचे नाव आणि ‘व्यवस्थापक कलेक्टर’ अशा आशयाची नोंद असेल तर ती जमीन पुजाऱ्याला विकता येत नाही. जमिनीचा मालक देव आहे, पुजारी भूमिस्वामी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात सप्टेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. कोटवाराची (गावच्या चौकीदाराची) सेवा जमीन, चरनोई (गायरान) आणि निस्तारासाठी (गावाच्या सामाईक वापरासाठी) राखलेली जमीन यांनाही हात लावू नये.

यानंतर खसऱ्यातला कैफियतीचा, म्हणजे शेऱ्यांचा, रकाना वाचा. बँकेचे कर्ज, न्यायालयाचा स्थगनादेश, भूसंपादन, हे सारे तिथे यायला हवे. मात्र तिथे काही नाही म्हणजे अडचण नाहीच, असे समजू नये. म्हणूनच जमिनीच्या मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध वकिलाकडून घ्यावा आणि त्यांचा लेखी सर्च रिपोर्ट मागावा. वारसाने आलेली जमीन असेल तर घराण्याचा वंशवृक्ष काढून घ्या आणि बहिणींच्या सह्या आहेत का ते पाहा. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क आहे, आणि ‘बहिणी काही मागणार नाहीत’ हे भावांचे आश्वासन कायद्यात टिकत नाही.

शेवटी मोजणी. गावात बोलणे बिघ्यात चालते, विक्री वर्गफुटात होते आणि अभिलेख हेक्टरमध्ये असतो. या तिन्हींच्या फटीत जमीन हरवते. एक हेक्टर म्हणजे सुमारे १,०७,६०० वर्गफूट, म्हणून हजार वर्गफुटांचा भूखंड हेक्टरमध्ये ०.००९३ इतका दिसायला हवा. मोठ्या खसऱ्यातला लहान तुकडा घेत असाल तर त्याचा बटांक (तुकड्याचा उपक्रमांक) स्वतंत्र झाला आहे का आणि नकाशात तरमीम (तुकड्याची वेगळी हद्द आखणे) झाली आहे का, हे पाहणे अनिवार्य आहे. तरमीम नसेल तर तुम्ही नेमकी एखादी जागा नव्हे, तर एका शेतातला अविभक्त हिस्सा विकत घेता. सीमांकनासाठी भूमिस्वामीने कलम १२९ खाली तहसील कार्यालयात अर्ज करायचा असतो. त्याचा पंचनामा हातात येईपर्यंत उर्वरित पैसे देऊ नयेत.

चौथी पायरी : कॉलनीची परवानगी

सर्वाधिक फसवणूक या एका वाक्यातून होते: ‘जमीन डायव्हर्टेड आहे.’ डायव्हर्शन म्हणजे शेतीऐवजी निवासी वापरासाठी भू-राजस्वाची पुनर्आकारणी. तेवढ्याने कॉलनी पाडण्याची परवानगी मिळत नाही. कॉलनी वैध ठरण्यासाठी नगर तथा ग्राम निवेश विभागाने मंजूर केलेला अभिन्यास (भूखंडांचा आराखडा), कॉलनायझरची (कॉलनी विकसित करणाऱ्याची) नोंदणी, सक्षम अधिकाऱ्याची विकास अनुज्ञा (विकासकामांची परवानगी) आणि रेराची नोंदणी हे सगळे लागते. ग्रामपंचायतीचे ना-हरकत पत्र यांपैकी कशाचीही जागा घेत नाही, जरी ते अनेकदा चौकट करून कार्यालयाच्या भिंतीवर लावलेले असते.

स्थावर संपदा कायदा २०१६, म्हणजेच रेरा, भूखंडांच्या योजनांनाही लागू आहे. ज्या योजनेची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आहे किंवा ज्यात आठपेक्षा जास्त सदनिका आहेत, तिची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरातही करता येत नाही आणि बुकिंगही घेता येत नाही. नोंदणी क्रमांक मिळाला की तो मध्य प्रदेश रेराच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा: प्रवर्तकाचे नाव, खसरा क्रमांक, पूर्णत्वाची तारीख आणि मंजूर नकाशा हे सारे तिथे असते. लिखित आणि नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी प्रवर्तकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो विनाशुल्क दुरुस्त करून देण्याची जबाबदारी प्रवर्तकाची आहे.

एक बाब फारशी कोणी तपासत नाही. विकासकामे पूर्ण होतील याची हमी म्हणून कॉलनायझरला काही भूखंड, सर्वसाधारणपणे एक चतुर्थांश, प्रशासनाकडे बंधक ठेवावे लागतात. रस्ता, नाली, पाणी, वीज यांची कामे होऊन ते मुक्त झाल्याशिवाय विकता येत नाहीत. तरीही ते विकले जातात. म्हणून मंजूर नकाशासोबत बंधक भूखंडांची यादी मागा आणि आपला क्रमांक तिच्यात नाही याची खात्री करा.

जमिनीचा नियोजित वापर वेगळा तपासावा लागतो. २००८ पासून लागू झालेल्या इंदूर विकास योजना २०२१ मध्ये शहराभोवतीच्या अनेक गावांचा वापर निश्चित केलेला आहे. हरित पट्टा किंवा शेती म्हणून दाखवलेल्या जागेवर निवासी अभिन्यास मंजूर होत नाही. ‘नवी योजना आली की ही जमीन निवासी होणार आहे’ या भरवशावर कोणी पैसे मागत असेल तर नम्रपणे नकार द्यावा. रिंग रोडसाठी किंवा इंदूर-पीथमपूर इकॉनॉमिक कॉरिडॉरसाठी जी गावे प्रस्तावात आहेत तिथे संपादनाची सूचना खसरा क्रमांकानुसार पाहून घ्या.

अवैध कॉलनी पुढे नियमित होईल, असेही पुष्कळ सांगितले जाते. नगरीय निकायांच्या, म्हणजे नगरपालिका-नगर परिषदांच्या, हद्दीतल्या अशा वसाहतींसाठी २०२१ मध्ये कायद्यात तरतूद झाली हे खरे आहे, पण त्यात विकासाच्या खर्चाचा वाटा रहिवाशांनाच भरावा लागतो, आणि तोवर कायमचे वीज कनेक्शन, नळ, बांधकाम परवानगी आणि बँकेचे कर्ज या प्रत्येकासाठी झगडावे लागते. ज्यांनी आधीच घर बांधले आहे त्यांच्यासाठी तो दिलासा आहे. नव्याने पैसे गुंतवण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

पाचवी पायरी : आबादीतले जुने घर

आबादीतल्या घरांना पूर्वी मालकीचा कागदच नसे. ताबा आणि पंचायतीची कराची पावती एवढ्यावर व्यवहार चाले. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने आबादीची मोजणी होऊन घरमालकांना अधिकार अभिलेख दिले जाऊ लागले, आणि मध्य प्रदेश या योजनेत पहिल्या राज्यांपैकी होता. म्हणून घर पाहताना हा अभिलेख मागा, त्यातले क्षेत्रफळ प्रत्यक्षाशी ताडून पाहा आणि सर्व सहधारकांची नावे वाचा. बँक त्यावर कर्ज देईल का, हे त्या शाखेतून लेखी विचारून मगच पुढे जा.

सहावी पायरी : दोनदा जागेवर जा

एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये. मे महिन्यात शेजारच्या चार घरी जाऊन बोअर किती फुटांवर लागली आणि कोणत्या महिन्यापर्यंत चालते, टँकर केव्हापासून मागवावा लागतो, ते विचारा. इंदूर शहराला नर्मदेचे पाणी १९७८ पासून मिळते आहे. आपल्या गावापर्यंत नळजल योजना प्रत्यक्षात पोहोचली आहे की केवळ टाकी उभी आहे, हे तुम्हाला फक्त शेजारीच सांगू शकतात. ऑगस्टमध्ये मुख्य रस्त्यापासून भूखंडापर्यंत चालत जा. शेतातून जाणारा रस्ता नकाशात शासकीय रस्ता म्हणून नोंदलेला आहे की कुणाच्या खासगी जमिनीतून सवडीने जातो आहे, हे पटवाऱ्याकडून समजून घ्या.

माळव्याची काळी माती हा स्वतंत्र विषय आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि या हालचालीबरोबर उथळ पायावरच्या भिंती तडकतात. दोन खड्डे खणून मुरूम किंवा खडक किती खोलीवर लागतो ते पाहिल्याशिवाय बांधकामाचा अंदाज करू नका. मुरूम पाच-सहा फुटांवर असेल तर पाया तिथपर्यंत नेणे सर्वांत चांगले. माती खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केलेले, तळाशी कंदासारखे फुगवलेले अंडर-रीम्ड पाइल वापरतात. ऋतूप्रमाणे ओलावा बदलणाऱ्या थराच्या खाली, म्हणजे साधारण साडेतीन मीटरपर्यंत, ते न्यावे लागतात. त्यावर प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची सलग तुळई), जोत्यात काळ्या मातीऐवजी मुरूम, आणि घराभोवती पाणी मुरू नये म्हणून उतार दिलेली फरसबंदी. हा खर्च भूखंडाच्या स्वस्ताईतून वजा करायचा आहे, म्हणून तो खरेदीपूर्वीच माहीत हवा.

सातवी पायरी : शासकीय मदत

घर कोणाच्या हद्दीत आहे यावर योजना ठरते. नगर परिषदेच्या हद्दीत प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० लागू आहे; ती सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाली. वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत असलेल्या आणि देशात कोठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबाला, ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी २५ लाखांपर्यंत कर्ज घेतल्यास, पहिल्या आठ लाखांवर चार टक्के व्याज अनुदान मिळू शकते. ते जास्तीत जास्त १.८० लाख रुपये असून पाच वार्षिक हप्त्यांत जमा होते. स्वतःच्या भूखंडावर घर बांधणाऱ्या तीन लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबासाठी वेगळे अनुदान आहे. गाव पंचायतीत असूनही अधिसूचित नियोजन क्षेत्रात असेल तर शहरी योजना लागू होते का, हे बँकेला जरूर विचारा; बरीच माणसे न विचारताच ही संधी सोडून देतात.

पंचायतीच्या हद्दीत प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आहे. तिच्यात मैदानी भागात १.२० लाख रुपये, शौचालयासाठी वेगळे १२,००० रुपये आणि रोजगार हमीतून ९० दिवसांपर्यंतची मजुरी मिळते, व घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते. २०२४ मध्ये पात्रतेचे निकष सैल झाले: दुचाकी किंवा फ्रिज असल्याने आता नाव कापले जात नाही आणि मासिक उत्पन्नाची मर्यादा १५,००० रुपये झाली आहे. पूर्वी याच कारणांनी वगळलेल्या कुटुंबांनी पंचायत सचिवांकडे पुन्हा चौकशी करावी.

आठवी पायरी : करार, रजिस्ट्री, नामांतरण

टोकन बँकेमार्फत द्या. वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे रोख दिलेल्या पैशाचा पुरावा राहत नाही. करारात खसरा क्रमांक, चतुःसीमा, उरलेली रक्कम, तारीख आणि कर्ज नामंजूर झाल्यास टोकन परत करण्याची अट लिहून घ्या. नोटरीचा करारनामा किंवा मुखत्यारपत्र यांनी मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. मालकी नोंदणीकृत विक्रीपत्रानेच मिळते, आणि येथे ती नोंदणी आता ‘संपदा २.०’ वर होते. विक्रीपत्राचा मसुदा आदल्या दिवशी घरी शांतपणे वाचा. बहुतेक दस्त हिंदीत असतात, त्यामुळे चतुःसीमेतला शब्दन् शब्द समजून घ्या.

रजिस्ट्री झाल्यावर काम संपले असे समजणारे फार आहेत. नामांतरण झाले नाही तर खसऱ्यात जुनेच नाव राहते, आणि तेच नाव दाखवून जमीन पुन्हा विकली जाऊ शकते किंवा तिच्यावर कर्ज काढले जाऊ शकते. फेब्रुवारी २०२४ पासून सायबर तहसील ही ऑनलाइन नामांतरणाची व्यवस्था राज्यभर लागू झाल्याने संपूर्ण खसऱ्याच्या अविवादित व्यवहारांत नामांतरण अर्जाशिवाय होते, पण तुकड्याच्या खरेदीत स्वतः पाठपुरावा करावा. आदेशाची प्रत घ्या, नवा खसरा काढा, आणि त्यानंतर दर वर्षी एकदा तो पुन्हा काढून पाहा.

ज्यांना स्वतःच्याच गावात जागा हवी आहे

आता आरंभी सांगितलेल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. गावाची आबादी अनेक ठिकाणी फार जुन्या सीमेवरच थांबली आहे, कुटुंबे मात्र कितीतरी पट झाली आहेत. भू-राजस्व संहितेच्या कलम २४३ मध्ये यावर उपाय आहे: आबादीची जागा अपुरी पडत असेल तर कलेक्टर गावच्या मोकळ्या शासकीय जमिनीतून आणखी क्षेत्र आबादीसाठी राखू शकतात. हे आपोआप होत नाही, मागावे लागते. त्यासाठी घराची जागा नसलेल्या कुटुंबांची नावनिशी यादी करा, ग्रामसभेत ठराव मांडा, कोणता खसरा आबादीसाठी योग्य आहे ते पटवाऱ्याच्या नकाशावरून सुचवा आणि चरनोई व पाणवठ्याची जागा त्यात येणार नाही याची काळजी घ्या. ठरावाची प्रत जोडून एसडीएम (उपविभागीय महसूल अधिकारी) यांच्यामार्फत अर्ज द्या. ज्या कुटुंबाकडे गावात घर बांधण्याजोगी जागाच नाही, त्याच्यासाठी मुख्यमंत्री आवासीय भू-अधिकार योजनेत ६० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाची तरतूद आहे. तिचे अर्जही याच यादीवरून भरता येतात. हा भूखंड पती-पत्नी दोघांच्या नावावर मागा. ग्रामसभेच्या कार्यवाही पुस्तिकेत ठराव प्रत्यक्ष लिहिला गेला की नाही ते त्याच दिवशी, सभेतून उठण्यापूर्वी वाचून पाहा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून परतू नका.